सहासष्ट फुटांवरचा करंज

नवापुरात निवृत्त गणितशिक्षकाकडे लोक एकाच कामासाठी येतात. सातबारा पुढे ठेवतात आणि म्हणतात, हे जरा माणसांच्या भाषेत सांगा. कागदावर लिहिलेलं असतं ०.६१.५०. घरातला प्रत्येकजण ते वेगळं वाचतो. थोरला म्हणतो एकसष्ट गुंठे, धाकटा म्हणतो अर्ध्या एकराच्या वर काहीतरी, सासरहून आलेली बहीण काही म्हणत नाही, पण कागदाचा फोटो काढून ठेवते. मी चष्मा लावतो, खिशातली चिठ्ठी काढतो, जरा वेळ घेतो आणि सांगतो: दीड एकर आणि वर पाऊण गुंठा. मग चहा येतो. एकतीस वर्षं शाळेत शिकवून एवढा आदर मिळाला नव्हता.

चिठ्ठीत फार काही नाही. जुनी मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो गुंठा. म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सरकारी कागद मात्र हेक्टर आणि आर बोलतात. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तो आर, आणि शंभर आरचं हेक्टर. आर आणि गुंठा दिसायला इतके सारखे की लोक एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतात. आर तेरा चौरस फुटांनी लहान असतो, म्हणजे न्हाणीच्या एका अरुंद दाराइतका. एका गुंठ्यात हे कुणाला कळत नाही. दहा एकरांत चारशे दारं होतात, तेव्हा भाऊ भावाशी बोलेनासा होतो.

आमच्याकडे यात आणखी एक पाहुणा असतो, वीघा. गाव हद्दीवरचं. स्टेशनावर तर एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. निम्म्या गावाचे सोयरे पलीकडे, त्यामुळे जमिनीच्या गोष्टी वीघ्यात निघतात. सुरतेकडचा वीघा साडेतेवीस गुंठ्यांच्या आसपास, काठेवाडातला सोळाचा, आणि चहाच्या टपरीवरचा वीघा बोलणारा विकतोय की घेतोय त्यावर. हल्ली मोबाईलमध्ये हे सगळं क्षणात होतं, असं मला तरुण लोक सांगतात. मी त्यांना विचारतो, तुमच्या मोबाईलने वीघा कुठला धरला? ते स्क्रीनकडे बघतात. मग पुन्हा चहा येतो.

हे एवढं सांगायचं कारण, माझ्या या विद्वत्तेमुळे एका बाईचं झाड जाता जाता राहिलं.

त्या बाईला मी भाभी म्हणतो. तिचा नवरा शिंपी. गाव त्याला मास्टर म्हणतं, मीही म्हणतो. माझ्या लग्नातला सफारी त्यानेच शिवला होता आणि गेल्या दिवाळीतला सदराही. चाळीस वर्षं ती दोघं बाजारपेठेतल्या एका भाड्याच्या जागेत राहतात. खाली मशीन, वर खोली. खोलीला एक खिडकी आहे आणि ती समोरच्या भिंतीकडे उघडते. मास्टर कापतो आणि शिवतो, भाभी काज-बटण आणि तुरपाई करते. काही वर्षांपासून तिला सुईचं नेढं दिसेनासं झालं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, चष्मा झाला, पण त्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागतो आणि दिव्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा तिला दिसत नाही. म्हणून मास्टर रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बारा सुयांत दोरे ओवून ठेवतो आणि त्या एका लहानशा उशीला टोचून तिच्यासमोर ठेवतो. संध्याकाळपर्यंत बारा पुरतात. नाही पुरल्या तर ती काठीने जमिनीवर ठोकते आणि मास्टर वर जातो. गिऱ्हाईक थांबून राहतं.

दोन वर्षांपूर्वी मास्टरने घर बांधायचं मनावर घेतलं. गावाबाहेर, हायवेच्या अलीकडे तेव्हा प्लॉटांचं पीक आलं होतं. आमच्या बाजूलाच एक वसाहत उभी राहत होती. वसाहत म्हणजे सध्या एक कमान. कमानीला चार खांब, खांबांवर पोटं सुटलेले सिंह, आणि वर कुठल्याशा युरोपी बेटाचं नाव. उद्घाटनाला मंडप होता, फेटे होते, आणि वरून फोटो काढणारा ड्रोन होता, तो पहिल्याच फेरीत कमानीला अडकला. तिथे सगळं चौरस फुटांत होतं. त्याचं कारण सोपं आहे. एक गुंठा म्हटलं की घेणाऱ्याला आपण लहान माणूस आहोत असं वाटतं. एक हजार एकोणनव्वद चौरस फूट म्हटलं की तोच माणूस बायकोकडे अभिमानाने बघतो. त्या फुटांत रस्त्याचा वाटाही धरलेला होता, हे मी मास्टरला कागद उलटा करून दाखवलं. तो म्हणाला, सिंहांचाही धरला असेल.

मग मावशी भेटली. मावशी म्हणजे डोंगराकडच्या गावची एक शेतकरी बाई, वयाने सत्तरीची. मिशनच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकल्यामुळे तिचं मराठी माझ्या मराठीपेक्षा शुद्ध. घरी मावची बोलते, बाजारात गुजराती, आणि माझ्याशी बोलताना शाळेत उभी राहिल्यासारखी बोलते. तिच्या तीन पोरांचे नाताळचे कपडे दर डिसेंबरात मास्टरनेच शिवले, आणि मुलीच्या लग्नाचा तो लांब पांढरा झगाही, मोबाईलमधल्या फोटोवरून. सासऱ्यांच्या काळात बिनशेती झालेला तिचा एक तुकडा गावाला लागून होता. त्यातले दोन गुंठे ती मास्टरला द्यायला तयार झाली. कमानवाल्याने सगळाच मागितला होता. त्याला ती नाही म्हणाली. कारण विचारलं तर म्हणाली, त्याने बसायला सांगितलं नाही.

सौदा तिच्या शेतातच झाला. तिने हात लांब करून दाखवलं: रस्त्यापासून करंजापर्यंत. तिच्या सगळ्या जमिनीच्या मोजण्या अशाच असतात. करंजापासून काळ्या दगडापर्यंत एका औताचं दिवसभराचं रान, दगडापासून नाल्यापर्यंत दीड दिवसाचं. दोन गुंठे हा शब्द मास्टरचा आणि माझा. तिने मान हलवली, कारण तिला वाटलं आम्ही तेच म्हणतोय.

भाभीला जागा दाखवायला आम्ही रिक्षाने नेलं. ती जागेकडे बघेचना. ती थेट करंजाखाली गेली. करंजाची सावली दाट असते, पण अंधारी नसते. पानं पातळ, त्यातून उजेड गाळून खाली येतो. ती बुंध्याला टेकून बसली, पिशवीतून एक सदरा काढला, कॉलरची तुरपाई डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली. घर कसं हवं, स्वयंपाकघर कुठे, यातलं तिने आजपर्यंत काही सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाली की झाड आपल्यात पाहिजे. दुपारी खाली बसून काम करीन.

अडचण अशी की जागेच्या मागचा भाग मावशीने पुतण्याला दिला होता, आणि पुतण्या तिथे कोंबड्यांची शेड घालणार होता. आमच्याकडे दहातले चार जण कोंबड्यांची शेड घालतात आणि उरलेले सहा त्या वासाबद्दल बोलतात. शेडला सरळ भिंत लागते. झाड त्याच्याकडे गेलं तर ते तुटणार, हे त्याने आधीच सांगून टाकलं. वाईट माणूस नव्हता. त्याच्या नकाशात तिथे भिंत होती, एवढंच. त्यामुळे सगळा प्रश्न एका वाक्याचा झाला: करंज दोन गुंठ्यांच्या आत आहे की बाहेर?

मास्टर माझ्याकडे आला.

"सर, दोन गुंठा म्हणजे कितलं? माले वार मा सांगा."

मला तो प्रश्न आवडला. गुंठा वारांत फार सुबक बसतो, एकशे एकवीस चौरस वार. दोनचे दोनशे बेचाळीस. हे ऐकून मास्टरने क्षणभर हिशेब केला.

"दोनशे बेचाळीस वार? इतला मा अख्खी शाळाना युनिफॉर्म व्हई. पण पन्हा कितला?"

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. शिंप्याला नुसते वार सांगून चालत नाही, पन्हा सांगावा लागतो, हे मला ठाऊक होतं. मी हसलो. जमिनीला पन्हा नसतो मास्टर, म्हणालो, चौरस वार म्हणजे त्यात दोन्ही बाजू आल्याच. आणि मग त्याला क्षेत्रफळाचा जवळजवळ एक तास घेतला. तो भला माणूस, शेवटपर्यंत मान हलवत राहिला.

रस्त्याला लागून रुंदी तेहतीस फूट ठरली होती, एक साखळी. म्हणजे आत जायचं सहासष्ट फूट, दोन साखळ्या. मी म्हणालो, रस्त्यापासून सहासष्ट फूट मोजायचे आणि झाड कुठे येतं ते बघायचं. मोठा टेप माझ्याकडे नव्हता. गणिताचा शिक्षक आणि टेप नाही, यावर माझी बायको अजून बोलते. मास्टर म्हणाला, माझा आहे की. त्याने गळ्यातला टेप काढला, पाच फुटांचा, चाळीस वर्षांत गावातल्या प्रत्येक छातीवरून फिरलेला. पावसाळा सरून जमीन वाळली होती, तापून पाटीसारखी कडक झाली होती. मास्टर उकिडवा बसून टेप लावायचा, खडूने रेघ ओढायचा, त्या रेघेपासून पुन्हा टेप लावायचा. मी मागे उभा राहून मोठ्याने म्हणत होतो, पाच, दहा, पंधरा. तेरा वेळा टेप लागला, पासष्ट झाले. वर एक फूट. रेघ करंजाच्या बुंध्याच्या पलीकडच्या अंगाला बरोबर चिकटून आली.

"बठ्ठं झाड आपलं," मास्टर म्हणाला, बठ्ठं म्हणजे सगळं, आणि पहिल्यांदा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

भाभीने मला विचारलं. तिच्या एका वाक्यात दोन भाषा तरी असतात.

"भाई, झाड अपने में शे ना?"

मी म्हणालो, आहे. नवऱ्याच्या शब्दावर तिने चाळीस वर्षं संसार केला होता, पण मोजमापाच्या बाबतीत तिने मला विचारलं, कारण मी शिकलेला. आणि मी आहे म्हणालो.

खरेदीखताचा कच्चा मसुदा पुतण्याने करून आणला. त्यात लिहिलं होतं, दोनशे चौरस मीटर. म्हणजे दोन आर. मी तो वाचला आणि मला झालेला आनंद लपवता येईना. दोन गुंठे म्हणजे दोनशे दोन मीटर आणि वर थोडं. मास्टरचे पंचवीस चौरस फूट जात होते. मुद्दाम नव्हे, पुतण्याने गुंठ्याला आर समजला होता, जसं सगळे समजतात. मी दोन पानांचं टिपण तयार केलं. खाली रेघ मारून दोनदा अधोरेखित केलं. पुतण्याच्या घरी जाऊन मी ते त्याला वाचून दाखवलं. त्याने निमूटपणे आकडा दुरुस्त केला, आणि माझ्या जाण्याची वाट पाहिली. घरी येऊन बायकोला सांगितलं की आज एका गरीब माणसाची जमीन वाचवली. ती म्हणाली, किती? मी म्हणालो, पंचवीस फूट. ती म्हणाली, आपल्या न्हाणीएवढी. आणि भाजी परतायला गेली.

कमानीच्या सिंहांना हसणारा मी, माझी कमान अशी त्या दोन पानांची होती.

खरेदीच्या आधी रीतसर मोजणी करून घ्यायची असं ठरलं होतं. नंदुरबारहून एक खाजगी मोजणीदार मोटरसायकलवर आला. तीन पायांवर त्याने यंत्र उभं केलं आणि त्याच्यावर छत्री धरली, स्वतःवर नाही. त्याला समोर काठी धरून उभं राहायला एक माणूस हवा होता. ते काम मला मिळालं. मास्टर, भाभी, मावशी, पुतण्या, सगळे करंजाखाली जमले होते. भाभीने थर्मासमधून चहा आणला होता.

मोजणीदाराने मला पुढे, मागे, डावीकडे असं नाचवलं आणि मग एका जागी थांबवलं. तिथे मी थांबू शकत नव्हतो, कारण तिथे झाड होतं. तो आला, त्याने लाल रंगाचा डबा काढला आणि बुंध्याच्या जवळजवळ मध्यावर वरून खाली एक रेघ ओढली. सहासष्ट फूट इथे होतात, म्हणाला. झाडाचं पलीकडचं अंग सदुसष्ट फूट एक इंचावर आहे.

स्टेशनावरच्या बाकड्यासारखं झाड दोन मालकांचं झालं. बाकड्यावर दोन्ही राज्यांतले लोक बसू शकतात. अर्ध्या झाडाची भिंत होत नाही. पुतण्या म्हणाला, भिंत सरळ जाणार, खोदकामात मुळं जाणारच, मग अर्धं ठेवून काय करणार. लाकूड तुम्ही न्या, मला नको. हे तो चांगुलपणानेच बोलत होता. मागचा एक पट्टा वाढवून घ्यायची मास्टरची ताकद नव्हती, ते सगळ्यांना माहीत होतं म्हणून कुणी तो विषय काढला नाही.

भाभीने माझ्याकडे बघितलं. थर्मासचं झाकण घट्ट लावत राहिली, ते आधीच घट्ट होतं.

मास्टर मात्र ऐकेना. मशीन चुकलं, म्हणाला. मी मोजलं आहे, सरांच्या देखत मोजलं आहे. मीही जरा चढलो. मोजणीदार कंटाळून म्हणाला, मोजा पुन्हा. मास्टरने गळ्यातला टेप काढला, रस्त्यापाशी उकिडवा बसला आणि सुरू केलं. या वेळी मला आकडे म्हणायचे नव्हते, ते मोजणीदार म्हणत होता, म्हणून मी मास्टरच्या हाताकडे बघत होतो. तो टेप ताणायचा, टोकाशी अंगठा ठेवायचा, आणि खडूची रेघ अंगठ्याच्या पुढे ओढायचा. एक इंच पुढे. पुन्हा टेप, अंगठा, एक इंच पुढे. चौथ्या खेपेला मी त्याला थांबवलं.

"मास्टर, रेघ टेपच्या पुढे का?"

त्याने वर बघितलं. मी सदऱ्याला बटणं का लावतात असं विचारल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"मार्जिन," तो म्हणाला. "शिलाई मा जास ना तितलं."

मग तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षं त्याने कधी मापावर रेघ मारली नव्हती. मापावर कापलेलं कापड शिवणीत जातं आणि माणूस सदऱ्यात मावत नाही. तेरा वेळा टेप लागला, तेरा वेळा एक इंच सोडला. एक फूट एक इंच. मशीन चुकलं नव्हतं. मास्टर त्याच्या धंद्याप्रमाणे अगदी बरोबर होता. चुकलो मी, कारण मी त्याच्यामागे उभा राहून पाच-दहा-पंधरा म्हणत होतो आणि हाताकडे बघायचं काम सोडलं होतं. वर्गातही मी उत्तराचा आकडा बघून पुढे जायचो.

पुतण्या हसला नाही, हे त्याच्याबद्दल नोंदवून ठेवतो. मावशीने मात्र विचारलं की नक्की झालं काय. मी तिला समजावून सांगितलं: दोन गुंठे, सहासष्ट फूट, तेरा इंच. तिने पूर्ण ऐकलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "मी रस्त्यापासून करंजापर्यंत म्हटलं होतं. फूट तुम्ही आणलेत."

पुतण्या म्हणाला, काकी, कागदावर फूट लागतात. तेही खरं होतं. मागे जाऊन झाड घ्यायचं तर दोन गुंठ्यांहून जास्त होतं, आणि दोन गुंठ्यांत राहायचं तर झाड तुटतं. मी मनात भराभर मांडणी करत होतो. आरमध्ये केलं तर? मीटरमध्ये? गंमत अशी की एकक कितीही बदललं तरी रेघ झाडाच्या पोटातच राहत होती. माझी चिठ्ठी कशाचंही कशातही रूपांतर करू शकत होती, पण त्या रेघेला एक इंचही हलवू शकत नव्हती.

मास्टर अजून उकिडवाच होता. त्याने खडूने जमिनीवर एक लांबट चौकोन काढला. त्याकडे बघितलं. मग त्याच्या आत, एका बाजूने थोडी सोडून, दुसरी रेघ ओढली आणि वरचं टोक थोडं पुढे नेलं. तसंच, जसं तो दुकानात कापड पसरून बाही कुठून निघेल ते बघतो.

"सर, पन्हा कमी पडना ते काय करतस?"

मी म्हणालो, लांबी जास्त घेतात.

"मंग?"

त्याने पहिल्या दिवशीच विचारलं होतं, पन्हा कितला, आणि मी त्याला हसलो होतो. क्षेत्रफळ तेच राहून आकार बदलतो, हे मी सातवीच्या वर्गाला एकतीस वेळा शिकवलं होतं, दोऱ्याने आणि खिळ्यांनी, वेगवेगळ्या रंगांच्या खडूंनी. आणि माझ्यासमोर जमीन पडलेली असताना मला ते सुचलं नाही, कारण तेहतीस हा आकडा साखळीचा होता आणि साखळीला हात लावायचा असतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मोजणीदाराने लगेच आकडे केले. रुंदी तेहतीसची बत्तीस करायची. लांबी सहासष्टची अडुसष्ट. झाड पूर्ण आत येतं, आणि पलीकडे कुंपणाला अकरा इंच उरतात. पुतण्याला मागचे दोन फूट सोडावे लागत होते, पण बाजूने एक फूट मिळत होता. तो चालत रस्त्यापर्यंत गेला, तिथून परत बघितलं. जागेच्या बाजूनेच त्याच्या शेडकडे जायची वाट होती, दहा फुटांची. कोंबड्यांच्या खाद्याचा टेम्पो तिथून वळताना घासला असता, ही त्याची चिंता त्याने महिनाभर कुणाला सांगितली नव्हती. वाट अकरा फूट होत होती. परत येऊन त्याने एवढंच विचारलं की मसुदा पुन्हा टाईप कोण करून देणार. मी म्हणालो, मी. माझ्याकडून तेवढं तरी येणं होतं.

पण माझं तोंड गप्प बसेना. बत्तीस गुणिले अडुसष्ट, दोन हजार एकशे शहात्तर. दोन गुंठ्यांना दोन चौरस फूट कमी पडतात, असं मी म्हणालो. पंचवीस फूट वाचवलेला माणूस दोन कसे सोडणार?

मास्टर गुडघ्यांवर हात ठेवून उठला, हातावरचा खडू झटकला.

"ऱ्हाऊ द्या सर. मार्जिन सोडी दिधं."

मावशीने उठताना भाभीचा हात धरला आणि तिच्याच शुद्ध मराठीत सांगितलं की झाड मोजणीत धरू नका, ते मी पहिल्याच दिवशी दिलं होतं. मग मोजणीदाराच्या लाल डब्याकडे बोट दाखवून त्याला विचारलं, हा रंग पावसात जातो का? तो म्हणाला, दोन पावसाळे टिकतो. तिला ते पसंत पडलं नाही. ओल्या रंगावर तिने मूठभर माती चोळली.

खरेदी झाली. घर अजून झालेलं नाही, पाया भरला आहे आणि भिंती कमरेपर्यंत आल्या आहेत. शेजारच्या वसाहतीत कमानीच्या मागे अजून काही नाही, सिंहांवर मात्र रंगाचा दुसरा हात झाला. पुतण्याची शेड पूर्ण झाली आणि वाराही कधी कधी शेडकडून मास्टरच्या जागेकडे येतो. त्याबद्दल भाभीची तक्रार नाही.

मध्यंतरी एका दुपारी मी तिकडे गेलो होतो. मास्टर दुकान बंद ठेवून भिंतीला पाणी मारत होता. भाभी करंजाखाली चटई टाकून बसली होती, मांडीवर शाळेच्या निळ्या युनिफॉर्मांचा ढीग. बुंध्यावरची लाल रेघ फिकट झाली होती, आणि तिने तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून दोऱ्याची रिळं लटकवली होती. मी जाऊन बसलो तेव्हा तिने एका हातात सुई धरली होती, दुसऱ्या हातात निळा दोरा. मला वाटलं मास्टरला हाक मारेल. मारली नाही. सुई तिने उजेडाकडे धरली, पानांतून येणाऱ्या, आणि दोरा ओठांत ओला केला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा गेला. तिने तो ओढून गाठ मारली आणि काजाला सुरुवात केली, माझ्याशी माझ्या नातवाच्या परीक्षेबद्दल बोलत.

मास्टर हातपाय धुऊन आला. त्याच्या पिशवीतून ती लहानशी उशी डोकावत होती, बारा सुया ओवलेली, सकाळीच तयार केलेली. त्याने भाभीच्या हातातला दोरा बघितला. पिशवी तशीच मिटली आणि पाठीमागे ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, सर, सदरा घट्ट दिसतोय, माप घेऊ का. मी उभा राहिलो. त्याने टेप छातीभोवती फिरवला, अंगठा ठेवला, आणि वहीत आकडा एक इंच वाढवून लिहिला.